बरणीवरची चिठ्ठी

किंक्रांत होऊन आठवडा झाला होता. शोभेचं दारूकाम बघायला लोटलेली गर्दी ओसरली होती, पण सोलापूरच्या होम मैदानावरचा यात्रेचा गड्डा अजून हलत होता. पाळणे फिरत होते, भजी तळली जात होती. एक बाई आमच्या टेबलापाशी आल्या. पिशवीतून आमचीच बरणी काढून त्यांनी समोर ठेवली आणि झाकण फिरवलं. आतल्या तपकिरी गरावर, काचेच्या कडेला लागून, पांढरी-हिरवी बुरशी धरली होती.

बाई रागावल्या नव्हत्या. "सहा महिने लिहिलंय की हो," एवढंच म्हणाल्या.

लिहिलं होतं. माझ्याच हातानं लिहिलं होतं. 'उत्पादनाच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत वापरावे' ही ओळ मी कुठून आणली, तर घरातल्या जॅमच्या एका बाटलीवरून. त्या बाटलीत काय होतं आणि आमच्या बरणीत काय होतं, याचा विचार न करता उतरवून घेतली होती. मावशी शेजारी उभी होती. तिनं बरणी उचलली, उलटी करून चिठ्ठीच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलेला आकडा बघितला आणि म्हणाली, "तीन नंबरची हाय."

बरणीत होता बोराचा आटीव गर. त्याची गोष्ट बोरापासूनच सांगायला हवी.

सोलापूर हा अवर्षणाचा मुलूख. वर्षाला सरासरी ५००-५५० मिलिमीटर पाऊस, तोही भरवशाचा नाही. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचं केंद्र १९३३ साली इथं निघालं, ते या मातीची गरज ओळखूनच. अशा मातीत बोर तग धरते. मुळं खोल जातात, उन्हाळ्यात पानं गाळून झाड झोपी गेल्यासारखं राहतं, तेव्हाच त्याची छाटणी होते, आणि पाऊस पडला की नव्या फांद्या फुटतात. पूर्वी बांधावरच्या गावठी बोरीवर डोळा भरून उमराण, कडाका, मेहरून, चमेली अशी जातवान बोरं घेत. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि बोरीचे मळेच उभे राहिले. पुढं डाळिंबानं तिला मागं टाकलं. केगावला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आलं, २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. डाळिंबाचं कौतुक मलाही आहे. पण बोराला कुणी बाटलीत भरलं नाही. ते गाडीवर ढिगानं विकलं जातं, मापानं ओतलं जातं, आणि दोन-तीन दिवसांत मऊ पडलं, डागाळलं की शेळीपुढं जातं. त्याचं टिकाऊ रूप आपल्याला माहीत आहे ते एकच, बोरकूट. शाळेच्या दारात कागदाच्या पुडीतून खाल्लेलं, जिभेला चरचरणारं.

आणि तरी या गावात बोराइतकं सगळ्यांचं फळ दुसरं नाही. संक्रांतीच्या सुगडात ते असतंच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडं लहान मुलांचं बोरन्हाण होतं; हलव्याचे दागिने घातलेल्या पोराच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओततात. अशोक चौकाकडं, पद्मशाली समाजाच्या घरांत, तेच भोगीच्या दिवशी होतं. त्याला ते भोगीपळ्ळु म्हणतात आणि त्यात मुख्य असतं रेगिपंडू, म्हणजे बोर. कानडी घरांतही संक्रांतीला मुलांच्या डोक्यावरून हेच फळ ओततात. एकाच आठवड्यात, एकाच गावात, तीन भाषा बोलणाऱ्या घरांतली मुलं त्याच बोरांत न्हातात. बाहेर त्याच दिवसांत सिद्धरामेश्वरांची यात्रा असते. हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या घातलेली माणसं ते पेलत ६८ लिंगांच्या वाटेनं जातात. भोगीला संमती कट्ट्यावर योगदंडाशी कुंभारकन्येच्या लग्नाच्या अक्षता पडतात, संक्रांतीला होमप्रदीपन होतं. यात्रेचा तो बाजार म्हणजे गड्डा. गड्ड्यात बोराचं काहीतरी विकायचं हे मावशीच्या डोक्यात आलं, त्यात नवल नव्हतं. आमच्या घरातली शेंगाची चटणी ती वर्षानुवर्षं करते, आणि तिच्या एका मैत्रिणीनं चटणीच्या स्टॉलवर अर्धं टेबल देऊ केलं होतं.

काय करायचं, हे मात्र फार लांबून आलं. माझी चुलत बहीण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहते. दोन दिवाळ्यांपूर्वी आली तेव्हा तिनं ॲपल बटरची बरणी आणली होती. मावशीनं चमचाभर चाखलं, बरणी फिरवून फिरवून बघितली आणि विचारलं, "ह्यात लोणी कुठाय?" लोणी नव्हतंच. सफरचंद शिजवून, गाळून, थोड्या गोडासकट तासन्‌तास आटवलेला गर. लोण्यासारखा पावावर पसरतो म्हणून ते नाव. तिकडं जर्मन वंशाच्या शेतकरी कुटुंबांनी ही रीत रुजवली. शरदात सफरचंदं उतरली की उघड्यावर चूल मांडून, मोठ्या तांब्याच्या हंड्यात, लांब दांड्याच्या लाकडी पळीनं पाळीपाळीनं घोटत बसायचं. वेस्ट व्हर्जिनियातल्या बर्कली स्प्रिंग्ज गावात तर दर ऑक्टोबरला याच ॲपल बटरचा उत्सव भरतो आणि हंडे भर चौकात चढतात. पूर्व युरोपात आलुबुखाराचा गर असाच, कित्येकदा साखरेशिवाय, फळातल्याच गोडीवर घट्ट करतात. मावशीला या सगळ्यात परकं काही वाटलं नाही. "गुळांबा घोटल्यावानीच की," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "बोराचं हुईल?"

होतं. मात्र बोर सोपं नाही. पहिली अडचण अळी. बाहेरून तुकतुकीत दिसणाऱ्या बोरात बीजवळ फळमाशीची अळी बसलेली असते, म्हणून प्रत्येक बोर चिरून बघावं लागतं. पाच किलो बोरं चिरायला आम्हा तिघींना सकाळ पुरली नाही. चिरलेली बोरं धुऊन, बुडतील न बुडतील एवढ्या पाण्यात, सालं सुटेपर्यंत शिजवायची. मग पुरणाच्या चाळणीवर हातानं घासायची. यंत्रात घातली तर बी अडकते आणि फुटली तर गर कडसर होतो. पाच किलोंतून आमच्या हाती तीन किलोंच्या आसपास गर येतो. तो जाड बुडाच्या पातेल्यात आटवायचा. सुरुवातीला रटरटतो, अर्ध्यावर आला की फटाफट उडायला लागतो. त्या वेळी मावशी हाताला फडकं गुंडाळून लांब कालथ्यानं ढवळते. गूळ शेवटी. आधी घातला तर तळाला लागतो आणि रंग काळा पडतो.

गुळाचं माप आम्ही बहिणीच्या बरणीवरून काढलं नाही, पण तिनं सांगितलेल्या एका नियमाचा आधार घेतला. अमेरिकेच्या सरकारी व्याख्येत फळाचं बटर म्हणजे वजनानं पाच भाग फळाला दोन भाग गोड, आणि आटल्यावर त्यात विरघळलेला ऐवज निदान ४३ टक्के. आपल्याकडं जॅमच्या व्याख्येत फळ निदान ४५ टक्के आणि विरघळलेला ऐवज निदान ६५ टक्के लागतो. हे दोन आकडे मी तेव्हा वाचले होते, वहीत लिहूनही घेतले होते. त्यांच्यामधल्या बावीस टक्क्यांच्या अंतराचा अर्थ मला कळला नव्हता. तो बुरशीनं समजावला.

साखर किंवा गूळ फक्त गोडीसाठी नसतो. तो पाणी धरून ठेवतो. पाणी असं अडकून पडलं की बुरशीला जगायला मोकळं पाणी उरत नाही. जॅम महिनोन्‌महिने टिकतो तो या बंदोबस्तानं. फळाच्या बटरात गोड कमी म्हणून फळाची चव जास्त, आणि त्याच कारणानं त्याचं आयुष्य कमी. आंबटपणाचंही तसंच. पिकलेलं बोर गोड होतं, पण त्याचा आंबटपणा उतरतो. बंद बरणीतल्या पदार्थाचा सामू ४.६ च्या खाली असेल तरच जीवघेणं विष तयार करणारा बोट्युलिझमचा जंतू त्यात वाढत नाही. म्हणून आम्ही लिंबाचा रस घालतो आणि सामू मोजण्याच्या कागदी पट्टीनं तपासतो. मावशी आधी हसली होती. आता पट्टीचा रंग तीच बघते आणि मला सांगते.

मग नावाचा प्रश्न. बरणीवर काय लिहायचं यावर आमच्या स्वयंपाकघरात दोन दिवस खल झाला. माझी भाची म्हणाली, 'बेर बटर' लिहा, तरुण मुलं घेतील. पण आपल्या देशात दुधाचे शब्द दुधाच्या पदार्थांनाच राखलेले आहेत. शेंगदाण्याचं बटर, नारळाचं दूध अशा रुळलेल्या नावांना तेवढी मोकळीक आहे. बोराचं बटर इथं कुणाच्याच तोंडी रुळलेलं नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, मावशीनं पहिल्या घासाला जो प्रश्न विचारला तोच गड्ड्यातल्या प्रत्येक बाईनं विचारला असता. मुरंबा म्हणावा तर फोडी नाहीत. पाक म्हणावा तर वडी डोळ्यांपुढं येते. शेवटी मावशी म्हणाली, "दूध आटवलं की आटीव दूध. मग हे आटीव बोर." तेच ठेवलं: 'बोराचा आटीव गर, गूळ घालून'. मला अजूनही या नावाचा अभिमान वाटतो. आत काय आहे ते सगळं त्यात आहे आणि नसलेलं काही नाही.

उरलेली चिठ्ठी लिहायला मात्र स्वयंपाकाहून जास्त वेळ लागला. आम्ही नोंदणी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आत विक्री असणाऱ्या घरगुती व्यावसायिकाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरत होती. शुल्क वर्षाला १०० रुपये, हाती येतो १४ आकडी क्रमांक. तो क्रमांक चिठ्ठीवर हवा. पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं, पोषणमूल्य, शाकाहाराचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, करणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, घाण्याचा क्रमांक, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते. वाटीच्या आणि अंदाजाच्या मापानं आयुष्य काढलेल्या मावशीला सगळ्यात जड गेलं ते ग्रॅममध्ये बोलणं. आम्ही पहिला खर्च केला तो चांगल्या वजनकाट्यावर. बचत गटांना २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून दर सभासदामागं ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळू लागलं. त्यातून काय आधी घ्यावं असं कुणी मला विचारलं तर मी चकचकीत यंत्राऐवजी काटाच सांगीन.

'शुद्ध', 'नैसर्गिक', 'पारंपरिक' हे शब्द भाचीनं कच्च्या चिठ्ठीत घातले होते. २०१८ च्या नियमांत असल्या शब्दांना अटी आहेत. आम्ही ते खोडले. बोर, गूळ, लिंबाचा रस असं सरळ लिहिल्यावर त्या शब्दांची उणीव भासली नाही.

एक गोष्ट मात्र मला लागली, आणि ती मी इथं स्पष्ट लिहिते. चिठ्ठीवरचा आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत हवा. दुसरी कुठलीही भाषा त्याच्या जोडीला चालते, एकटी चालत नाही. सोलापूरच्या बाईनं सोलापुरात केलेल्या, सोलापूरकरांना विकायच्या पदार्थाची चिठ्ठी निव्वळ मराठीत लिहिली तर ती कायद्यानं अपुरी. देशभर फिरणाऱ्या मालासाठी हा नियम समजतो. पण ज्या बरणीचा सगळा प्रवास होम मैदानापासून अशोक चौकापर्यंतचा आहे, तिच्यासाठी नियमानं गावाची भाषा पुरेशी मानावी असं मला मनापासून वाटतं. तारीख आणि घटक हे वाचणाऱ्याच्या रक्षणासाठी असतात. तो वाचू शकला नाही तर ते रक्षण कुणाचं? आम्ही हिंदीत सगळं लिहिलं, खाली मराठीत लिहिलं आणि मागच्या बाजूला, शेजारच्या घरांतून विचारून, तेलुगूत आणि कानडीत एवढंच: बोर, गूळ, लिंबू आणि तारीख. चिठ्ठी मोठी झाली, बरणी थोडी बदलावी लागली. पण पहिल्याच दिवशी एक म्हातारी बरणी उलटी करून बोट फिरवत "रेगिपंडू" असं मोठ्यानं वाचत उभी राहिली, आणि मग तिनं दोन घेतल्या.

एवढं सगळं करून तारखेची ओळ मी उचलून आणली होती.

त्या संध्याकाळी आम्ही पहिलं काम केलं ते बाईंचे पैसे परत दिले. दुसरं, मावशीनं पिशवीतून तिची वही काढली. मला वाटायचं, घाण्याचा क्रमांक ही कागदोपत्री पूर्तता आहे. मावशीला तसं कधीच वाटलं नव्हतं. चटणीच्या दिवसांपासून ती प्रत्येक घाण्याची नोंद ठेवते, कुठली शेंग, किती तिखट, कोण कांडायला होतं. तीन नंबरच्या पानावर तिच्या गोल अक्षरात होतं: '२७ डिसेंबर. बोरं ४ किलो, उमराण. संध्याकाळी गॅस संपला. गॅस आला तवा परत ठेवलं. १४ बरण्या.' म्हणजे गर मधेच उतरला होता, निवला होता, आणि पुन्हा चढवल्यावर आम्ही त्याला पुरता आटू दिला नव्हता. रात्र झाली होती आणि आम्ही दमलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या एका द्राक्ष बागायतदाराकडून त्यांचा गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मागून आणला. पंढरपूर-बार्शीकडच्या बागांत तो घरोघर असतो. मण्याच्या रसाचा थेंब काचेवर टाकून उजेडाकडं धरलं की आतल्या पट्टीवर आकडा दिसतो. पण द्राक्षांसाठीचा तो, ३२ च्या पुढं मोजत नाही. मग गराइतक्याच वजनाचं पाणी घालून पातळ केला आणि आलेला आकडा दुप्पट धरला. पहिल्या आणि दुसऱ्या घाण्याच्या शिल्लक बरण्या ५४ भरल्या. तिसऱ्याची एक बरणी घरी उरली होती, ती ४४. अमेरिकेच्या व्याख्येत तीही बसली असती. पण सहा महिन्यांच्या आमच्या वचनात ती बसत नव्हती, कारण आम्ही बरण्या भरल्यावर पुन्हा उकळल्याही नव्हत्या. गरम गर भरला, झाकण लावलं, झालं, असं समजलो होतो.

टेबलापुढं आम्ही पुठ्ठ्याचा फलक लावला. चार भाषांत. 'चिठ्ठीवर लाल ३ असेल तर बरणी परत आणा, खाऊ नका, पैसे परत मिळतील.' स्टॉलवाल्या मैत्रिणीला धास्ती वाटली, लोक चटणीही घ्यायचे थांबतील म्हणून. तिची भीती खोटी नव्हती. तो दिवस खरंच थंड गेला. मावशी तिला म्हणाली, "अक्का, तू फलकाच्या लांब बस. माझ्याजवळ बसू नको." अक्का उठली नाही.

१४ पैकी एक घरी होती. एक त्या बाईंनी आणली. गड्डा उठेपर्यंत आणखी सात आल्या. त्यातल्या चारांना बुरशी नव्हती, पण आम्ही त्याही ठेवून घेतल्या. एक अगदीच रिकामी आली. शाळेच्या गणवेशातली मुलगी होती. "आईनं सांगितलंय, आमची संपली, कुणाला काय झालं नाही," असं म्हणून रिकामी बरणी आमच्या हातात देऊन ती पाळण्याकडं पळाली. बाकीच्या चार कुठं गेल्या ते मला ठाऊक नाही. त्यांची आठवण मला अजून येते, विशेषतः रात्री.

त्यानंतर आम्ही प्रत्येक घाण्यातल्या दोन बरण्या नमुना म्हणून फडताळात ठेवल्या आणि दर महिन्याला उघडून बघितलं. भरलेल्या बरण्या बंद करून पुन्हा दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायला लागलो. सोलापूरच्या उन्हाळ्यात, चाळिशीपार गेलेल्या एप्रिलमध्येही, ५४ च्या पुढं आटवलेला आणि असा उकळलेला गर बंद बरणीत नीट राहिला. पण आम्ही लिहायचं ठरवलं तीनच महिने. उघडल्यावर फ्रिजमध्ये, १५ दिवसांच्या आत. फ्रिज नसेल तर लहान बरणी घ्या, हेही. त्यासाठी १०० ग्रॅमची बरणी काढली. तिच्यात आम्हाला पैसे कमी सुटतात, कारण काच आणि झाकण तितक्याच भावाचं पडतं. पण गड्ड्यातल्या कितीतरी घरांत फ्रिज नाही, हे फलकाच्या दिवसांत आम्हाला कळलं होतं.

आत्ता, दिवाळीत, बोरीवर फळं वाटाण्याएवढी हिरवी आहेत. मावशीनं नवी वही आणली आहे. पहिल्या पानावर हळदीकुंकू लावून तिनं खाने आखले: तारीख, बोरं, गूळ, लिंबू, आकडा, पट्टीचा रंग, बरण्या. शेवटी आणखी एक रुंद खाना रिकामा ठेवला. त्यात काय लिहायचं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "गॅस किती होता ते."